आयटीवाला आला की कॉम्प्युटर नीट का चालतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ताईंचा ऑफिसमधला कॉम्प्युटर त्यांच्याकडेच त्रास देतो. स्क्रीन मधेच २-३ सेकंद काळी होते आणि आपोआप परत येते, एक्सेलमध्ये टाकलेलं एक आणि दिसतं भलतंच, सपोर्टवाल्याला बोलावलं की तो येऊन बसल्याबरोबर सगळं सुरळीत, मग तो रीस्टार्ट मारतो आणि जातो, आणि आजूबाजूचे हसतात की तुमच्या हातालाच काहीतरी आहे. ताईंनी शेवटी विचारलंय, खरंच माझं काही चुकतंय का?

नाही. मी गेली २२ वर्षं सपोर्टचं काम करतोय, हजारो मशिनी उघडल्यात, त्यामुळे हे ठामपणे सांगतो. पण "तो आला की नीट चालतं" हे तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे, तो भास नाहीये, आणि त्यामागे कारणं असतात. बहुतेक वेळा ती कारणं शोधायला कुणी थांबत नाही एवढंच.

एक किस्सा सांगतो, यात सगळं आलं. एका ऑफिसमध्ये एक मॅडम होत्या, त्यांचा लॅपटॉप काम करता करता झोपायचा. म्हणजे टाइप करतायत आणि स्क्रीन गेली. हात उचलून पॉवरच्या बटणाकडे नेईपर्यंत परत चालू. मी पहिल्यांदा गेलो, त्यांच्या जागेवर बसून अर्धा तास टाइप केलं, काहीच नाही. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा बॅटरी बदलली आणि विंडोज नव्याने टाकलं. चार दिवसांनी परत फोन. तेव्हा मी विंडोजच्या इव्हेंट लॉगमध्ये, म्हणजे मशिनीत काय काय घडलं त्याच्या नोंदवहीत बघितलं, तिथे स्लीपचं कारण लिहिलेलं असतं, आणि ते होतं 'बटन ऑर लिड', म्हणजे कुणीतरी बटण दाबलंय किंवा झाकण मिटलंय. मी विचारलं, मॅडम तुम्ही झाकण लावलं होतं का? त्या म्हणाल्या नाही हो, मी टाइप करत होते. आणि खरं सांगतो, मला ते पटलं नाही. मशीन म्हणतंय झाकण मिटलं तर मिटलंच असणार असं मी धरून चाललो.

तिसऱ्या वेळी मात्र मी ठरवलं की आपण कीबोर्डला हातच लावायचा नाही. त्यांना म्हटलं, तुम्ही तुमचं काम करा, मी बाजूला बसतो. छोटे छोटे ईमेल टाइप केले, काही नाही. मग त्यांनी मोठा रिपोर्ट लिहायला घेतला, लिहिता लिहिता दोन्ही मनगटं लॅपटॉपवर टेकली, आणि अकराव्या मिनिटाला स्क्रीन गेली. डाव्या हातात घड्याळ होतं, धातूच्या जाळीचा पट्टा, त्याला चुंबकाचं बक्कल. लॅपटॉपचं झाकण मिटलंय की नाही हे मशिनीला कसं कळतं, तर स्क्रीनच्या कडेला एक छोटं चुंबक असतं आणि खालच्या बाजूला त्याच्या समोर एक सेन्सर, चुंबक जवळ आलं की मशीन समजतं झाकण लागलं. मॅडमचं बक्कल बरोबर त्या सेन्सरवर टेकत होतं. हात उचलला की 'झाकण उघडलं', मशीन जागं. मी बसायचो तेव्हा माझ्या हातात घड्याळच नसायचं.

आम्ही दोघं इतके हसलो की शेजारचे लोक उठून बघायला आले, मग प्रत्येकाला ते घड्याळ आपल्या लॅपटॉपवर टेकवून बघायचं होतं. पण घरी जाताना मला वाईट वाटलं, कारण मॅडम पहिल्या दिवसापासून खरंच सांगत होत्या. मशीनने लिहिलेलं खरं होतं आणि माणसाने सांगितलेलंही खरं होतं, त्या दोन्हीच्या मधला दुवा शोधणं हेच माझं काम होतं आणि मी एका बाजूला खोटं ठरवून मोकळा झालो होतो. त्यानंतर मी सवयच बदलली, आधी माणसाचं ऐकायचं, आणि त्याच्याच हातून मशीन चालवून बघायचं.

आता "तो आला की नीट चालतं" याची बाकीची साधी कारणं. एक म्हणजे मधला वेळ. तुम्ही फोन केला, तो तासाभराने आला, तोवर मशीन थंड झालं, अडकलेला प्रोग्रॅम बंद पडला, मागे चाललेलं अपडेट संपलं. दुसरं, दुसऱ्याला दाखवताना आपण हळू आणि नीट क्रमाने करतो. एरवी घाईत आपण सेव्ह दाबून लगेच दुसरी खिडकी उघडतो, तिसरीकडे क्लिक करतो, आणि प्रोग्रॅमची गडबड नेमकी त्या घाईतच होते, तो बघत असताना होतच नाही. घाईत काम करणं ही चूक नाही हां, काम असंच असतं, प्रोग्रॅमने ते झेलायला पाहिजे. आणि तिसरं म्हणजे लॉगिन. सपोर्टवाला पुष्कळदा स्वतःच्या आयडीने आत जातो, त्याच्या आयडीला सगळ्या परवानग्या असतात, सेटिंग वेगळी असतात, मग तुमची अडचण त्याला दिसणार कशी? त्याला सरळ सांगा की माझ्याच लॉगिनमध्ये बघा.

रीस्टार्टबद्दल. ताई, रीस्टार्ट सांगणारा माणूस नेहमी टाळाटाळ करत असतो असं नाही, तो उपाय खरंच लागू पडतो. मशीन चालू असताना प्रोग्रॅम मेमरी घेत जातात आणि काही प्रोग्रॅम ती परत देत नाहीत, कुठेतरी एखादी गोष्ट अर्धवट अवस्थेत अडकून राहते, दोन प्रोग्रॅम एकमेकांची वाट बघत बसतात. रीस्टार्ट केलं की पाटी कोरी. एवढंच काय, विंडोज ९५ आणि ९८ मध्ये अशी चूक होती की मशीन सलग ४९.७ दिवस चालू राहिलं तर ते गोठायचं. सुरू झाल्यापासून किती मिलिसेकंद झाले हे मोजणारा आकडा ३२ बिटांचा होता, तो ४,२९,४९,६७,२९५ पर्यंत जाणार आणि मग परत शून्यावर, त्याचे दिवस केले की बरोबर ४९.७ येतात. आणि हे जुन्या काळातच होतं असं समजू नका, २०१५ साली अमेरिकेच्या विमान नियामकाने बोइंग ७८७ बद्दल आदेश काढला होता की वीज सलग २४८ दिवस चालू राहिली तर जनरेटरची नियंत्रक यंत्रणा बंद पडू शकते, म्हणून त्याआधी ती वीज बंद करून परत चालू करा. म्हणजे तुम्हाला जे सांगतात तेच.

पण रीस्टार्टमध्ये एक गोम आहे, आणि तिच्यावरून मी लोकांना विनाकारण बोलणी खाताना बघितलंय. सपोर्टवाला विचारतो, शेवटचं बंद कधी केलं होतं? समोरचा म्हणतो, काल संध्याकाळी, मी रोज बंद करूनच जातो. मग हा टास्क मॅनेजर उघडतो, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर जातो, तिथे 'अप टाइम', म्हणजे मशीन सलग किती वेळ चालू आहे तो आकडा, दिसतो २३ दिवस. आणि मग ते तोंडावर एक हसू येतं ना, की खोटं बोलताय. तर नाही, समोरचा खरंच रोज बंद करतो. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली, बहुतेक मशिनींवर ती आपोआप चालू असते. तुम्ही शट डाउन केलं की तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा जो गाभा आहे तो बंद होत नाही, तो जसा आहे तसा डिस्कवर उतरवून ठेवला जातो आणि सकाळी तसाच परत उचलला जातो. म्हणून सकाळी मशीन पटकन सुरू होतं, आणि म्हणूनच कालचं दुखणंही सोबत येतं. 'रीस्टार्ट' केलं तर मात्र सगळं नव्याने सुरू होतं. बंद करून चालू करणं आणि रीस्टार्ट या विंडोजमध्ये दोन वेगळ्या गोष्टी झाल्यात आणि हे शट डाउन करताना स्क्रीनवर कुठेही लिहिलेलं नसतं. ताई, तुम्ही शिफ्टची की दाबून धरून शट डाउनवर क्लिक केलंत तर खरंखुरं बंद होतं. आठवड्यातून एकदा तसं करा, किंवा सरळ रीस्टार्ट करा.

आता तुमच्या एक्सेलचा विषय, हा माझ्या अगदी जिव्हाळ्याचा आहे. तुम्ही '३-४' टाकता आणि ते तारीख करून दाखवतं, फोन नंबरच्या पुढचा शून्य खातं, मोठा नंबर टाकला तर शेवटचे आकडे शून्य करतं. तुम्हाला वाटतं आपण काहीतरी चुकीचं दाबलं. अहो, जगभरातले जनुकशास्त्रज्ञ याने हैराण झाले होते. माणसाच्या काही जनुकांची नावं 'मार्च१', 'सेप्ट१' अशी होती, एक्सेल त्याची १ मार्च आणि १ सप्टेंबर करून टाकायचं. २०१६ साली एका संशोधनात तपासलं तर एक्सेलमधल्या जनुकांच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी जवळपास पाचव्या हिश्श्यात अशा चुका सापडल्या. आणि शेवटी काय झालं, तर २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली, मार्च१ चं मार्चएफ१ केलं आणि सेप्ट१ चं सेप्टिन१. माणसाच्या शरीरातल्या जनुकाचं नाव बदललं, कारण एक्सेल ऐकत नव्हतं! आपोआप होणारे असे काही बदल थांबवायची सोय एक्सेलमध्ये यायला २०२३ साल उजाडलं. तेव्हा तुम्ही एकट्या नाही.

यावर उपाय आहे, पण तो आधी करायचा असतो. आकडे टाकण्याआधी तो कॉलम निवडून त्याचा फॉरमॅट 'टेक्स्ट' करून घ्या, किंवा एकाच ठिकाणी हवं असेल तर सुरुवातीला एक अपॉस्ट्रॉफी (') टाका. नंतर फॉरमॅट बदलून उपयोग नाही. एक्सेल संख्येचे फक्त १५ आकडे लक्षात ठेवतं, १६ आकडी नंबर टाकला की शेवटचा आकडा शून्य झाला आणि मूळ आकडा गेला, तो परत मिळत नाही. मी एकदा एका माणसाला ६०० ओळी हाताने परत भरताना बघितलंय, त्याच्याशेजारी बसून निम्म्या मीही भरल्या, त्या दिवसापासून एक्सेल शिकवताना सगळ्यात आधी मी हे सांगतो.

प्रिंटरबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण हा विषय निघाला की प्रिंटर आलाच. एचपीच्या जुन्या लेझरजेटवर 'पीसी लोड लेटर' असा संदेश यायचा, लोक तासन्‌तास कॉम्प्युटरकडे बघत बसायचे की याला कुठलं पत्र पाहिजे. त्यातला पीसी म्हणजे कॉम्प्युटर नव्हेच, तो 'पेपर कॅसेट', म्हणजे कागदाचा ट्रे. आणि लेटर म्हणजे अमेरिकेत चालतो तो कागदाचा आकार. सगळ्याचा अर्थ इतकाच की ट्रेमध्ये लेटर आकाराचा कागद घाला. ट्रेमध्ये ए४ चा गठ्ठा भरलेला असायचा, फाइलमध्ये लेटर आकार सेट असायचा, आणि प्रिंटर अडून बसायचा. प्रिंटरवरच्या त्या छोट्या स्क्रीनपट्टीवर जेमतेम काही अक्षरं मावायची म्हणून बनवणाऱ्याने आपल्यापुरतं आखडून लिहिलं, आणि वाचणाऱ्याचा विचार राहून गेला. आजही प्रिंट निघत नसेल तर सेटिंगमध्ये कागदाचा आकार ए४ आहे की लेटर हे आधी बघा, निम्म्या वेळा तिथेच सापडतं.

तसंच ते 'कीबोर्ड सापडत नाही, पुढे जाण्यासाठी एफ१ दाबा'. हा विनोद नाही, असा संदेश खरंच यायचा, मी पहिल्यांदा बघितला तेव्हा पोट धरून हसलो होतो. मशीन सुरू होताना स्वतःची जी तपासणी करतं तिच्यात कुठलीही चूक सापडली तरी शेवटी तेच 'एफ१ दाबा' वाक्य जोडलं जायचं, चूक कीबोर्डचीच असेल तर काय हा विचार त्यात नव्हता.

यूएसबीचं एका वाक्यात सांगतो, पहिल्यांदा जात नाही, उलटी केली तरी जात नाही, परत पहिल्यासारखी केली की जाते, हे सगळ्यांचंच होतं. ती १९९६ मध्ये आली, इंटेलमधल्या ज्या टीमने ती घडवली त्यात अजय भट्ट होते, आणि त्यांनी नंतर सांगितलंय की दोन्ही बाजूंनी लागणारी केली असती तर वायरी आणि सर्किट दुप्पट लागली असती, खर्चही वाढला असता, आणि तेव्हा ती स्वस्तात सगळीकडे पोचणं गरजेचं होतं. उलटसुलट कशीही लागणारी यूएसबी-सी यायला २०१४ उजाडलं.

आणि पासवर्ड. दर काही महिन्यांनी बदला, एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह. हा नियम ज्या सरकारी मार्गदर्शिकेतून जगभर पसरला ती २००३ साली अमेरिकेच्या निस्ट या संस्थेत बिल बर यांनी लिहिली होती. २०१७ मध्ये त्यांनी स्वतः सांगितलं की त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आपल्याला पश्चात्ताप होतो, आणि त्याच वर्षी निस्टने नियम बदलले, ठरावीक काळाने पासवर्ड बदलायची सक्ती करू नका, पासवर्ड लांब असू द्या असं सांगितलं. कारण सक्ती केली की माणूस शेवटचा १ काढून २ लावतो, जे चोरालाही ठाऊक असतं. तुम्ही कंटाळून तसं करत असाल तर तुम्ही आळशी नाही आहात, जो नियम लिहिणाऱ्यानेच मागे घेतला तो अजून तुमच्या गळ्यात आहे.

हे सगळं इतकं लांबवून सांगितलं कारण आमच्या धंद्यात एक वाईट खोड आहे. 'बिघाड खुर्ची आणि कीबोर्डच्या मधे आहे' असं आम्ही आपापसात म्हणतो, तिकिटावर, म्हणजे तक्रारीच्या नोंदीवर, त्याचे सांकेतिक शब्दसुद्धा लिहितात. मला ते मनापासून आवडत नाही. माझ्या हाताखाली नवीन मुलं येतात त्यांना मी पहिल्याच दिवशी सांगतो की हे शब्द इथे चालणार नाहीत. कारण एकदा का बिघाड माणसात आहे असं ठरवलं की शोध तिथेच थांबतो. घड्याळाचं बक्कल मग कधीच सापडत नाही.

त्या मुलांना मी एका पानाचा फोटोही दाखवतो. ९ सप्टेंबर १९४७, हार्वर्डचं मार्क २ नावाचं खोलीभर मोठं मशीन, ते चुकत होतं, आणि तपासताना एका रिलेमध्ये, म्हणजे विजेवर उघडझाप करणाऱ्या स्विचमध्ये, अडकलेला पतंग (दिव्याभोवती फिरतो तो किडा) सापडला. तिथल्या लोकांनी तो चिकटपट्टीने नोंदवहीत लावला आणि शेजारी लिहिलं की बग सापडल्याचा हा पहिलाच खरा प्रकार. बग म्हणजे इंग्रजीत किडा, आणि बिघाडाला बग म्हणायची पद्धत आधीपासून होती म्हणून तर त्यांना ती गंमत सुचली. ते पान आजही अमेरिकेच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात आहे. गंमत सगळ्यांनाच माहीत असते, मला त्यात आवडते ती नोंद. वेळ १५:४५, पॅनेल एफ, रिले क्रमांक ७०, आत पतंग. किती वाजता, कुठे, काय. कुणाच्या हाताला दोष आहे असं त्यात कुठेही नाही.

तुम्हीही तसंच करा. पुढच्या वेळी काही झालं की लगेच काही दाबू नका, आधी मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढा, वेळ लिहा, आणि त्या क्षणी तुम्ही काय करत होतात ते लिहा, अगदी क्षुल्लक वाटलं तरी, पाय हलवला, फोन चार्जिंगला लावला, शेजारचं कुणी उठलं. अशा पाच नोंदी झाल्या की सपोर्टवाल्याला द्या, तो रीस्टार्ट मारून जाऊच शकणार नाही.

आणि तुमच्या काळ्या होणाऱ्या स्क्रीनबद्दल माझा एक अंदाज आहे, आजच बघा. तुमची खुर्ची खालीवर होणारी, गॅसच्या दांड्याची आहे का? तशा खुर्चीवरून उठताना किंवा धपकन बसताना स्थिर विजेचा एक झटका तयार होऊ शकतो, तो मॉनिटरच्या केबलने पकडला की चित्र दोन-तीन सेकंद जातं आणि परत येतं. कोरड्या हवेत जास्त होतं. सपोर्टवाला येतो तेव्हा तुम्ही उठून त्याला जागा देता, त्या वेळी स्क्रीनकडे कुणाचंच लक्ष नसतं, आणि मग तो शांत बसून राहतो, त्यामुळे त्याला काही दिसत नाही. स्क्रीनकडे बघत बघत दहा वेळा उठा-बसा. त्यात दोन-तीन वेळा जरी काळी झाली तर चांगलं आवरण असलेली, जमेल तितकी आखूड एचडीएमआय केबल मागून घ्या, किंवा तोवर खुर्ची बदलून बघा. काय झालं ते कळवा, आणि केबल कुठून कशी गेलीय त्याचा एक फोटोही पाठवा.